घुंगरू एकशेसत्तावीस

रविवार, ६ जुलै १९९७

योगराजनं आज ही वही हातात दिली. म्हणाला, तिन्ही कीबोर्ड वाजव, प्रत्येकाचं बरंवाईट यात लिही, मग ठरवू. वही दोनशे पानी. तीन कीबोर्डांना एवढी पानं कशाला लागतात? उरलेल्या पानांवर मी माझं डोकं रिकामं करणार आहे. योगराजला द्यायच्या वेळी ती पानं फाडून टाकीन.

आधी नीट मांडतो. योगराजची ऑर्केस्ट्रा पार्टी सुरतेच्या उधन्यापासून सचिन गावापर्यंत हळदी, लग्नं आणि आम्हा खान्देशींच्या कानबाई देवीचा श्रावणातला उत्सव करते. तो गातो, मी कीबोर्ड वाजवतो. माझा कीबोर्ड म्हणजे खेळणं. चार सूर एकदम दाबले की पाचवा रुसतो. आता योगराज मोठं मशीन घेणार आहे, वर्कस्टेशन म्हणतात ते. एकाच पेटीत शेकडो आवाज, आणि वाजवलेलं सगळं सोळा ओळींत एकावर एक रचून फ्लॉपीत भरायचं. मग माणूस एक, पण वाजतात सोळा.

निवड मी करायची आणि येत्या कानबाईच्या मिरवणुकीत वाजवून दाखवायचं. जमलं तर दिवाळीपासून मी पार्टीत बांधलेल्या पगारावर, आणि लूमला, म्हणजे यंत्रमागाला, रामराम. सतरा वर्षं झाली लूमवर. नाही जमलं तर आहेच बारा तासांची पाळी, मरेपर्यंत.

"सुकलाल भो," योगराज म्हणाला, "हाई मशीन एकदाच लेवानं शे. तुना कानवर मना भरोसा शे."

कानाचं म्हणाल तर मी खोटी नम्रता दाखवणार नाही. आमच्या खात्यात, म्हणजे लूमच्या शेडमध्ये, बावन्न लूम एकदम धडधडतात. पूर्वी मास्तर मला शेडच्या दारात उभं करायचा आणि मी डोळे मिटून सांगायचो, अठरा नंबरचा धोटा नीट बसत नाहीये, संध्याकाळपर्यंत तुटेल. तुटायचाच. हल्ली मास्तर माझ्याऐवजी त्या नव्या ओडिया कारीगराला बोलावतो. राजकारण कुठे नसतं?

मंगळवार, ८ जुलै

पहिलं मशीन आलं. उधना दरवाजाजवळ मगनभाईचं दुकान आहे, तो वाद्यं भाड्यानं देतो आणि जुनी विकतोही. त्याच्याकडून एकेक करून तिन्ही घरी आणायची असं ठरलंय. नावं म्हणजे बसच्या पाटीसारखी, इंग्रजी अक्षर आणि आकडे. मी आपली माझी नावं ठेवतो. हा काळ्या.

पट्ट्या एकसष्ट, बोटाखाली भारदस्त. बत्तीस सूर एकदम धरतो. पडदा मात्र दोन ओळींचा, त्यात डोळे घालून बसावं लागतं. पियानो झकास. व्हायोलिनांचा ताफा खालच्या सुरात वाजवला तेव्हा अंगावर काटा आला. खालचा 'सा' धरून ठेवला की पोटात उतरतो, आणि सोडल्यावर एकदम तुटत नाही, विझत जातो. पावरी या आमच्याकडच्या फुंकवाद्याच्या भरडीचा, म्हणजे जाड सुराचा, आवाज यात नाही, पण दोन आवाज एकावर एक ठेवून जवळपास आणला. बारीक काम आहे. मला येतं.

छाया, म्हणजे बायको, भाकरी थापता थापता काहीतरी म्हणाली. "काय?" विचारलं तर पाठ न वळवता पुन्हा तसंच पुटपुटली. चौथ्यांदा विचारलं तेव्हा परात आपटून म्हणाली, "जेवाले बसा, म्हनस मी!" एवढंच होतं तर पहिल्यांदाच तोंड उघडून का नाही बोलायचं?

गुरुवार, १० जुलै

काळ्यात खोट निघाली.

ढोल ठीक, पण झांज म्हणजे शेजारच्या खोलीत कोणी कागद चुरगाळतोय. घुंगरू तर नावापुरते. कानबाईच्या गाण्यात घुंगरू नसेल तर बायका नाचणार कशावर? शिवाय आवाज एक सप्तक वर चढवायचं बटण आहे, ते दाबून घंटीचा आवाज लावला, तर शेवटच्या आठ-दहा पट्ट्या मुक्या. बोटाची टकटक होते, सूर नाही.

नूतन समोर अभ्यासाला बसली होती. आठवीत आहे. तिला विचारलं, "ही वाजली का गं?" वहीतून डोकं वर न काढता "हो" म्हणाली. पुढची दाबली, "हो." पोरगी मान वर करत नाही आणि हो म्हणते. बापाला कटवायचं, दुसरं काय. अशा साक्षीदाराला कोर्टात उभं करत नाहीत.

या पोरीच्या तऱ्हा वाढल्यात. आखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, हौसेनं पैंजण घेऊन दिले, चांगले बारीक घुंगरांचे. आठ दिवस घरभर छुमछुम केली असेल, नंतर काढून ठेवले. मी विचारलं नाही. मोठी होतेय, शाळेत मुली हसत असतील. पण मला वाईट वाटलं.

रविवार, १३ जुलै

काळ्या परत केला. मगनभाईला वरच्या पट्ट्या दाखवल्या. त्यानं एक दाबली, माझ्याकडे पाहिलं, पुन्हा दाबली.

"वागे छे ने, सुकलालभाई."

काय वागे छे? कुठे वाजतंय? बाहेर रिक्षांचा गोंगाट, आत पंखा खडखडतोय, आणि हा म्हणतो वागे छे. सुरतचा व्यापारी आहे, गिऱ्हाईक आंधळं असेल तर त्याला आरसा विकेल. मी म्हटलं, दुसरं द्या. दिलं, पण देताना माझ्याकडे बघत राहिला.

दुसरा चंदेरी. अंगानं सडपातळ. याच्या पडद्यावर बोट ठेवलं की काम होतं, बटणं शोधायला नकोत. हे फार आवडलं.

बुधवार, १६ जुलै

चंदेरीची व्हायोलिनं काळ्याहून सरस. काळ्याची एकत्र वाजणारी, याची वेगवेगळी बसून वाजणारी. डोळे मिटले तर कोण कुठे बसलंय ते दाखवता येईल. सारंगी बरी. शहनाई नाकातून बोलते, पण पट्टीवर दाब वाढवला की सूर किंचित हलतो, त्यामुळे जीव येतो. ओळी रचताना एखादी ओळ चुकली तर तेवढीच पुसता येते.

आणि घुंगरू? पुन्हा तेच. झांजही तीच, कागदाची. वरच्या पट्ट्याही मुक्या. म्हणजे मगनभाईचा सगळा मालच मुंबईच्या भंगारातला असणार. मी अँप्लिफायरवर बारीक आवाजाचं बटण शेवटपर्यंत फिरवलं तेव्हा कुठे थोडा जीव आला. तर लगेच शेजारच्या सरलाबाईनं भिंत ठोकली. रात्रभर यांचा टीव्ही चालतो ते आम्ही सोसायचं आणि संध्याकाळी सातला कोणी वाद्य वाजवलं तर भिंत!

शुक्रवार, १८ जुलै

पाळीला दीड तास उशीर. अर्धा दिवस कापला. मनगटी घड्याळाचा गजर बिघडलाय, वाजतच नाही. उधन्यातल्या घड्याळवाल्याकडे नेलं. त्यानं बटण दाबलं, घड्याळ माझ्या कानाशी धरलं आणि दात काढून हसला. मी म्हटलं, सेल बदल. बदलला. तरी गजर नाही. या शहरात एकही सरळ माणूस उरलेला नाही.

छाया म्हणाली, यापुढे मीच उठवीन. तिला गजर लागत नाही, आपोआप जाग येते म्हणे.

सोमवार, २१ जुलै

गंमत अशी की खात्यात मला सगळ्यांचं बोलणं कळतं. बावन्न लूमच्या दणदणाटात ओठ पाहायचे, हात पाहायचे, झालं. हिलालदादा तर ठार बहिरा. तीस वर्षं लूमवर, पण गप्पांत सगळ्यांत पुढे. आज त्यानं हातवारे करून मास्तरची आणि मालकाची अशी नक्कल केली की माझा धागा तुटला. सुटीच्या दिवशी मात्र तो चहाच्या टपरीवर कोपऱ्यात गप्प बसतो. कारण तिथे लोक एकमेकांकडे न बघता बोलतात. बिचारा. त्याची दया येते.

खरं सांगू का, हल्ली मलाही घरापेक्षा खात्यात बोलणं सोपं वाटतं. घरचे तोंडातल्या तोंडात बोलतात.

गुरुवार, २४ जुलै

तिसरं मशीन. याला रिक्षातून उतरवायला मी आणि सरलाबाईचा नवरा, दोघं लागलो. हा जाड्या. शहात्तर पट्ट्या, चौसष्ट सूर, आणि मोठी गोष्ट म्हणजे बाहेरचा आवाज माइकवर घेऊन तो पट्टीवर चढवता येतो! मी नूतनला सांगितलं, तुझे पैंजण आण, त्यांचा आवाज घेऊ. ती म्हणाली, "बस ने पप्पा, आत्ता नको," आणि आईकडे पाहिलं. आई चुलीकडे पाहू लागली. बहुधा हरवलेत आणि मला सांगायची हिंमत नाही.

मग ताटलीतली नाणी खुळखुळवून आवाज घेतला. ऐकवला तर नाणीही मेलेली. माइकही भंगार.

रविवार, २७ जुलै

मगनभाईशी भांडलो. त्याचं एकच पालुपद, तिन्हीच्या तिन्ही कशी बिघडतील?

"त्रणे त्रण मशीन बगडेला? एवुं बने, सुकलालभाई? आप ही बोलो."

मी म्हटलं, होय, असं बनतं, जेव्हा दुकानदार एकच असतो. चार माणसांसमोर बोललो. तो भडकेल असं वाटलं होतं. भडकला नाही. मला पाणी दिलं आणि हळूच काहीतरी विचारलं, ते रस्त्याच्या आवाजात कळलं नाही. मी निघून आलो.

पण मशीन तर घ्यायचंच आहे, आणि कानबाई तोंडावर. तिन्हींत खोट तीच असेल तर ज्यात ती झाकता येते ते घ्यायचं. जाड्यात प्रत्येक आवाजाला धार द्यायची सोय आहे. धार शेवटपर्यंत चढवली, वरून अँप्लिफायरवरही चढवली, तर घुंगरू अखेर घुंगरू वाटतो.

ठरलं. जाड्या.

शनिवार, २ ऑगस्ट

रोज पाळीवरून आलो की रचना करतो. मालतीबाई, म्हणजे योगराजची आई, कानबाईची गाणी सांगते. त्यांच्याच घरी कानबाई बसते. तिच्या गळ्यात जुनी हलगी असावी तसा आवाज आहे. तिच्या चालीखाली मी ढोल टाकला, पावरीची भरडी टाकली, व्हायोलिनं टाकली. फ्लॉपीत भरलं.

आवाजांचे आकडे, म्हणजे कोणता किती मोठा वाजवायचा ते, नोंदवून ठेवतो, शून्यापासून एकशेसत्तावीसपर्यंत असतात, त्यापुढे आकडाच नाही. ढोल ८०. पावरी ७०. व्हायोलिन ६५. बासरी ११०. झांज १२७. घुंगरू १२७.

घुंगरासाठी एकशेतीस असता तर तेवढाही लावला असता.

मंगळवार, ५ ऑगस्ट

योगराजच्या घरी रंगीत तालीम. त्याच्या छोट्या स्पीकरवर. पहिलं गाणं होताच तो डोकं खाजवत म्हणाला, "भो, घुंगरू जरासा जास्त व्हयना का?"

मी तिथल्या तिथे वही काढून दाखवली. एक महिना रोज काम केलंय, म्हटलं, तू गळा सांभाळ, कान माझ्यावर सोड. तो म्हणाला, "तू म्हनस ते खरं. मोठा स्पीकरवर चांगलं लागी."

मालतीबाई आतल्या खोलीत निघून गेली होती. तिला रोटाचे, म्हणजे कानबाईच्या नैवेद्याचे, गहू निवडायचे होते.

सोमवार, ११ ऑगस्ट

संध्याकाळ. अंग मोडून आलंय, पण लिहिल्याशिवाय झोपणार नाही.

काल कानबाई बसली, आज सकाळी निघाली. टेम्पोवर चार मोठे स्पीकर, मध्ये जाड्या, त्याच्यामागे मी, तोंड मिरवणुकीकडे. समोर मालतीबाई, डोक्यावर पाट, पाटावर नथ घालून सजलेली कानबाई. दोन्ही हात वर, पाट धरलेला. तिच्यामागे उधन्यातल्या शंभरेक बायका. नूतन आणि छायाही त्यांच्यात.

मी बटण दाबलं आणि सोळा वाद्यं उठली. देवाशपथ सांगतो, सतरा वर्षांत मी एवढा खूश नव्हतो. ढोल छातीवर येत होता आणि त्याच्यावर घुंगरू, स्वच्छ, पहिल्यांदा स्वच्छ. सगळ्या बायकांनी एकदम हात कानशिलांवर नेले. कानबाईची दृष्ट काढत होत्या, बोटं मोडत होत्या. एवढ्या बायका एकाच वेळी अलाबला घेताना मी कधी पाहिल्या नव्हत्या. मालतीबाईला हात सोडता येत नव्हते, तर तिच्या डोळ्यांतून घळघळा पाणी आलं. चेहरा असा झाला होता की मला वाटलं, देवीच आली अंगात. मी घुंगरू आणखी दाबून वाजवला.

मग चौकात एकदम सगळं बंद. जनरेटर गेला म्हणे. पुढे तापीपर्यंत बायका नुसत्या तोंडानं गात गेल्या. माझं नशीबच असं. रंग चढला की वीज जाते.

योगराज आज बोलला नाही. थकला असेल. छायाही न जेवता झोपली.

मंगळवार, १२ ऑगस्ट

जनरेटर गेला नव्हता. वायर योगराजनं काढली होती.

सकाळी तो दारात उभा राहून बोलला, आत आला नाही. म्हणाला, कालपासून आईनं कानांवर फडकं बांधलंय. लेकरं रडत होती. गल्लीत लोक विचारतात, हे काय वाजवत होतात, की कोणाचा सूड घेत होतात?

"तुले आयकाले येत नव्हतं का, भो?" तो म्हणाला.

मी म्हटलं, मला शिकवू नकोस. मशीन खराब आहे हे मी पहिल्या दिवसापासून लिहितोय. तो म्हणाला, खराब व्हतं तर घ्यायचं कसाले? याचं उत्तर माझ्याकडे होतं, पण तो थांबला नाही. म्हणाला, मशीन परत करून ये, दिवाळीचं पुढे पाहू.

पुढे पाहू म्हणजे काय ते न कळण्याइतका मी दूधखुळा नाही. सतरा वर्षं आणि एक महिना पाण्यात.

बुधवार, १३ ऑगस्ट

जाड्या परत नेण्याआधी पुरावा हवा होता. म्हटलं, घरच्या दोघींना साक्षीला ठेवतो आणि मग मगनभाईच्या दुकानात सगळं लोकांसमोर उघडं करतो. नूतनला मशीनपाशी बसवलं. मी दाराकडे तोंड करून उभा राहिलो. तिला म्हटलं, वरच्या पट्ट्या एकेक दाब, दाबलीस की मोठ्यानं सांग, म्हणजे मुक्या किती ते मोजता येतील.

"दाबली, पप्पा."

"मुकी," मी म्हटलं. "पुढची."

"दाबली."

"मुकी."

असं सहा-सात वेळा झालं. मग तिचा आवाज येईना. वळून पाहिलं तर ती ओठ दाबून बसलेली, डोळे भरलेले, बोट अजून पट्टीवर. छायानं पदर तोंडाला लावला होता.

"काय झालं?" मी विचारलं.

नूतन उठली आणि माझ्याकडे चालत आली. चार पावलं. मी खाली पाहिलं. तिच्या पायात पैंजण होते. आखाजीचे, बारीक घुंगरांचे, प्रत्येक पावलाला हलत होते.

मी विचारलं, "कधी घातलेस?"

ती माझ्या तोंडासमोर तोंड आणून, एकेक शब्द सुटा करून म्हणाली, "पप्पा, काढले कधी होते?"

मंगळवार, १९ ऑगस्ट

सहा दिवस वही उघडली नाही. काय लिहिणार?

आज कानाच्या डॉक्टरकडे छाया घेऊन गेली. काचेच्या खोलीत बसवलं, कानाला टोप्या लावल्या, आवाज आला की बोट वर करायचं. मी कितीतरी वेळ बोट मांडीवर ठेवून बसलो होतो. काचेपलीकडे छाया माझ्या बोटाकडे बघत होती.

डॉक्टरनं कागद दिला. त्यावर एक रेघ. आधी बरीचशी सपाट जाते, मग उतरते आणि चार हजारच्या खुणेपाशी खड्ड्यात पडते. तो म्हणाला, माणसाचा जाड आवाज तुम्हाला येईल, बारीक जाणार. बारीक म्हणजे? म्हणाला, चिमणी, घड्याळाचा गजर, 'स' आणि 'श'. घुंगराचं नाव त्यानं घेतलं नाही. त्याला काय माहीत.

"लूम पे कितने साल?" त्यानं विचारलं. मी सतरा म्हणण्याआधीच त्यानं कागदावर काहीतरी लिहिलं होतं. गेलेलं परत येत नाही म्हणाला. आहे ते सांभाळा, कापूस नको, कानात घालायची बुचं मिळतात ती घाला, नाहीतर लूम सोडा.

लूम सोडण्यासाठीच तर सगळं चाललं होतं, डॉक्टरसाहेब.

छायाला विचारलं, तुला कधीपासून माहीत होतं? म्हणाली, दोन वर्षांपासून. का नाही सांगितलंस? "तुमले कान शिवाय काय व्हतं?" ती म्हणाली, आणि मग रिक्षात दोघंही रडलो. रिक्षावाल्यानं आरसा वळवला.

गुरुवार, २१ ऑगस्ट

मगनभाईकडे जाऊन चार माणसांसमोर माफी मागितली, कारण भांडलो चार माणसांसमोर होतो. त्यानं मला खुर्ची दिली आणि स्वतः समोर येऊन बसला, तोंड माझ्याकडे करून. त्या दिवशी हळूच विचारलं होतं ते आता मोठ्यानं सांगितलं. कान दाखवलेत का कुणाला? त्याचा मोठा भाऊही लूमवर होता, त्याचेही असेच गेले.

तिथून मालतीबाईच्या पाया पडायला गेलो. म्हटलं, मावशी, सगळ्यांनी कान झाकले, तुम्ही का नाही थांबलात? हात करून मला का नाही थांबवलं?

"कानबाई डोकावर व्हती रे बापू," ती म्हणाली, "हात कशी सोडू?"

मी तिच्या अंगात देवी आली असं समजलो होतो. ते मी तिला सांगितलं नाही. इथे लिहितो, म्हणजे कुठेतरी राहील.

शनिवार, २३ ऑगस्ट

खात्यात गेलो. कानात बुचं. हिलालदादानं पाहिलं, आपल्या कानाकडे बोट केलं, मग माझ्याकडे. मी मान हलवली. मला वाटलं हसेल. तो माझ्या शेजारच्या लूमवर आला आणि पाळी संपेपर्यंत तिथेच राहिला. मी त्याची कीव करत होतो! राग एवढा येतो की धोटा काढून कोणाच्या तरी डोक्यात घालावा, पण कोणाच्या?

रविवार, २४ ऑगस्ट

मगनभाईनं तिन्ही मशीन दुकानात एका ओळीत मांडून दिली. भाडं घेतलं नाही. नूतनला घेऊन गेलो. मी वाजवलं, ती माझ्या समोर बसून ऐकत होती. मान वर करून.

काळ्याची झांज तिला पितळी वाटली, जाड्याची टोचणारी. चंदेरीच्या घुंगरावर ती हसली. म्हणाली, हे माझ्या पैंजणांसारखे. चंदेरीची व्हायोलिनं मला पहिल्यापासून आवडली होती. तेवढं तरी मी बरोबर ऐकलं होतं.

मुक्या पट्ट्या एकही नाही. तिन्हींत नाही.

संध्याकाळी योगराजला सांगून आलो, चंदेरी घे. वाजवणारा कोण ते तू ठरव. तो जमिनीकडे पाहत काहीतरी बोलला, मग त्याला आठवलं आणि तोंड वर करून म्हणाला, "दिवाळीले पाहू, भो." या वेळी त्याचा अर्थ काय ते मला खरंच कळलं नाही. उद्या सकाळची पाळी आहे. छाया उठवणार आहे.

ही वही त्याला द्यायची आहे. मधली पानं फाडणार होतो. नाही फाडली.

कानबाईच्या गाण्याचे आकडे, नव्यानं, चंदेरीवर:

ढोल ८०. मी.

पावरी ७०. मी.

व्हायोलिन ६५. मी.

बासरी ५८. मी ७५ म्हटलं होतं, नूतन नको म्हणाली.

झांज ३५. नूतन.

घुंगरू ४०. नूतन.